अँटिसेप्टिक माउथवॉशमुळे दातांतली खनिजं टिकतात का?

(चर्चेचा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सागरगोटा

औषधांच्या काउंटरवर एक मागणी नेहमीची आहे: "दातांवर खडूसारखे पांढरे डाग पडलेत, चांगलं माउथवॉश द्या." हातात जी बाटली पडते ती बहुतेक वेळा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनची असते. घेणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. कीड जंतूंमुळे लागते, हे औषध जंतू मारतं, म्हणजे दात वाचणार.

पांढरा डाग म्हणजे एनॅमलमधून, दाताच्या वरच्या कठीण कवचातून, कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून गेल्याची खूण. ती गळती अँटिसेप्टिकने थांबते का, एवढाच प्रश्न इथे घेऊ या. तोंडाचा वास, हिरड्यांतून रक्त येणं हे विषय वेगळे आहेत, ते मध्ये आले की चर्चा भरकटते.

दुकानात साधारण चार जातीच्या बाटल्या मिळतात. पहिली क्लोरहेक्सिडिन. दुसरी सेटिलपायरिडिनियम क्लोराइड, ०.०५ ते ०.०७ टक्के. तिसरी थायमॉल, मेंथॉल, युकॅलिप्टॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट या तेलांची, म्हणजे लिस्टरीन आणि तिच्यासारख्या. चौथी फ्लोराइडची, ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइड. पहिल्या तिन्हींत कधी फ्लोराइड घातलेलं असतं, कधी नसतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो. पोव्हिडोन आयोडीनची गुळणी घशासाठी घेतली जाते, ती इथे धरत नाही.

क्षारक

आधी दातात काय घडतं ते बघू, म्हणजे औषध कुठे लागू पडेल ते कळेल.

एनॅमलच्या वजनातला सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, हायड्रॉक्सिअपॅटाइट. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा अंक, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. सातच्या आसपास पीएच असताना लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की हे स्फटिक विरघळत नाहीत, उलट नवे बसू शकतात. पीएच खाली गेला की फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल आयन आम्लाशी जोडले जातात, तोल बिघडतो आणि स्फटिकातून खनिज बाहेर पडायला लागतं. एनॅमलसाठी हा उंबरठा साधारण ५.५ सांगतात. हिरडी खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळासाठी तो बराच वर आहे, ६.२ ते ६.७. म्हणून म्हाताऱ्या माणसांची मुळं एनॅमलपेक्षा लवकर किडतात. दातात फ्लोराइड मुरलेलं असेल तर उंबरठा ४.५ पर्यंत खाली जातो.

५.५ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. ज्याच्या लाळेत कॅल्शियम कमी त्याचा उंबरठा वर, ज्याचं जास्त त्याचा खाली.

१९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफनने किटणातला, म्हणजे दातावर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरातला, पीएच प्रत्यक्ष मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर पाच-दहा मिनिटांत पीएच पाचच्याही खाली जातो आणि मूळ जागी यायला अर्धा ते एक तास लागतो. दिवसातून आठ वेळा साखरेचा चहा आणि बिस्किट झालं तर दात दिवसातले कित्येक तास उंबरठ्याखाली राहू शकतो. एकूण साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा तोंडात आली हे जास्त महत्त्वाचं, ही गोष्ट स्वीडनमधल्या विपेहोल्मच्या प्रयोगाने १९५४ मध्ये दाखवून दिली. जेवणासोबतच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, मधल्या वेळच्या चिकट टॉफीने झपाट्याने वाढली. (त्या संस्थेतल्या मतिमंद रुग्णांवर संमतीशिवाय हा प्रयोग केला गेला. त्याचा उल्लेख करताना हे सांगायलाच हवं.)

आता अँटिसेप्टिककडे बघा. ते या साखळीत एकाच जागी हात घालतं: आम्ल बनवणाऱ्या जंतूंवर. दाताच्या स्फटिकाला ते काहीही देत नाही. कॅल्शियम नाही, फॉस्फेट नाही, फ्लोराइडही नाही. आधीच निघून गेलेलं खनिज परत बसवण्याची ताकद क्लोरहेक्सिडिनच्या रेणूत नाहीच.

निवडुंग

क्षारक यांनी पाया घातला, मी दवाखान्याच्या बाजूने लिहितो.

क्लोरहेक्सिडिन हे कमकुवत औषध नाही. लो आणि शिऑट यांनी १९७० मध्ये दाखवलं की ०.२ टक्क्यांच्या १० मिली द्रावाने दिवसातून दोनदा चूळ भरली तर ब्रश न करताही किटण जमत नाही. त्याचा रेणू धनभारित आहे. तो दाताला आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटतो आणि दहा-बारा तास हळूहळू सुटत राहतो. हिरड्यांच्या सुजेसाठी त्याच्या तोडीचं दुसरं द्रावण नाही.

पण किडीच्या बाबतीत तेवढा फायदा दिसत नाही, आणि कारणं स्पष्ट आहेत.

एक, ते ताज्या, पातळ किटणावर चालतं. दोन दाढांच्या मधल्या फटीत आणि दाढेच्या खाचेत जुनं, जाड किटण असतं, तिथे ते वरच्या थरातच अडकतं. कीड नेमकी याच दोन जागी सुरू होते.

दोन, मुख्य आरोपी मानला जाणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स क्लोरहेक्सिडिनला चांगला दबतो, पण औषध थांबलं की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो. आणि आम्ल बनवणारा तो एकटा नाही. लॅक्टोबॅसिलस तर क्लोरहेक्सिडिनला फारशी दाद देत नाहीत.

तीन, साखर येतच राहिली तर जे जंतू उरतात त्यांत आम्ल सोसणारेच पुन्हा वरचढ होतात.

अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये फ्लोराइडशिवायच्या उपायांचा आढावा घेतला. कीड टाळण्यासाठी ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडिनची चूळ वापरू नये असं त्यांनी सांगितलं. फक्त प्रौढांच्या मुळांवरच्या किडीसाठी क्लोरहेक्सिडिन आणि थायमॉलचं व्हार्निश (दातावर चिकटून राहणारा लेप) दर तीन महिन्यांनी लावायला त्यांनी वाव ठेवला. ते व्हार्निश डेंटिस्ट लावतो, बाटलीतून मिळत नाही.

फ्लोराइडच्या चुळेचं उलट आहे. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेले प्रयोग एकत्र तपासणारा आढावा) ३७ प्रयोग आणि १५ हजारांहून जास्त मुलं होती. नियमित, देखरेखीखाली चूळ भरणाऱ्या मुलांच्या कायमच्या दातांत किडलेल्या पृष्ठभागांचं प्रमाण सरासरी २७ टक्क्यांनी कमी निघालं.

म्हणून धाग्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: अँटिसेप्टिक घटकामुळे खनिज टिकतं असं म्हणायला आधार नाही. बाटलीत फ्लोराइड असेल तर काम ते करतं.

सागरगोटा

निवडुंग सर, मग लेबल कसं वाचायचं ते लिहून टाकतो.

आपल्याकडे क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के + सोडियम फ्लोराइड ०.०५ टक्के + झिंक क्लोराइड ०.०९ टक्के असं मिश्रण सर्रास मिळतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात क्लोरहेक्सिडिनचंच नाव असतं. मागच्या बाजूला "सोडियम फ्लोराइड" ही ओळ शोधा. ०.०५ टक्के म्हणजे १ लिटरमध्ये अर्धा ग्रॅम क्षार, त्यातलं फ्लोराइड ४५ टक्के, म्हणजे सुमारे २२६ पीपीएम (दहा लाख भागांत २२६ भाग). ती ओळ नसेल तर पांढऱ्या डागांसाठी ती बाटली घेऊन उपयोग नाही.

आता क्लोरहेक्सिडिन वापरताना होणाऱ्या चुका, कारण हिरड्यांसाठी का होईना, लोक ते वापरतातच.

ब्रश झाल्या झाल्या ते तोंडात घेणं ही सगळ्यात मोठी चूक. पेस्टमधला फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट ऋणभारित असतो, तो धनभारित क्लोरहेक्सिडिनला पकडून निकामी करतो. आपल्याकडच्या खडूवर आधारलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट असतं, त्याचंही क्लोरहेक्सिडिनशी पटत नाही. मध्ये किमान अर्धा तास सोडा, जमलं तर दोन तास.

दुसरी चूक पाणी मिसळण्याची. बाटलीवर १० मिली लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिलिग्रॅम औषध. जळजळ होते म्हणून लोक ५ मिली औषध आणि ५ मिली पाणी घेतात. मात्रा अर्धी झाली. पाणी मिसळायचंच असेल तर १० मिली औषधात १० मिली पाणी घाला आणि पूर्ण २० मिली तोंडात घोळवा. परदेशातल्या ०.१२ टक्क्यांच्या बाटलीवर १५ मिली लिहिलेलं असतं ते याच हिशेबाने, मात्रा १८ मिलिग्रॅम.

तिसरी चूक लगेच चहा पिण्याची. चहा-कॉफीतली रंगद्रव्यं दाताला चिकटलेल्या क्लोरहेक्सिडिनवर बसतात आणि तपकिरी डाग पडतात, जिभेवरसुद्धा. हे डाग ब्रशने जात नाहीत, पॉलिश करून घ्यावं लागतं. दीर्घ वापराने टार्टर (कडक झालेलं किटण) वाढतो आणि तोंडाची चव बदलते, खारट कमी लागतं. क्वचित गंभीर अ‍ॅलर्जी होते, त्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये इशारा दिला होता. अंगावर पित्त उठलं किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठायचं.

मोगरा

एक बाजू राहिली आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅम्ब्रा पद्धतीत, म्हणजे किडीचा धोका तपासून उपचार ठरवायच्या पद्धतीत, जास्त धोका असलेल्या रुग्णांना ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडिन दिलं जातंच: रोज एकदा १० मिली, एक मिनिट, महिन्यातला एक आठवडा. उरलेले तीन आठवडे फ्लोराइडची चूळ. ज्यांच्या तोंडात एकाच वेळी पाच-सहा दात किडलेले आहेत, त्यांचा जंतूंचा भार आधी खाली आणायचा आणि मग फ्लोराइडला काम करू द्यायचं, असा तो विचार आहे. कीड आधीच इतकी पसरलेली असताना नुसतं फ्लोराइड पुरं पडत नाही. तुम्ही दोघं क्लोरहेक्सिडिन सरसकट मोडीत काढताय, ते मला पटत नाही.

निवडुंग

मोगराताई, मुद्दा रास्त आहे आणि ती पद्धत मला माहीत आहे. पण तिच्यात क्लोरहेक्सिडिन एकटं कधीच येत नाही. सोबत जास्त ताकदीचं फ्लोराइड असतं, आहारात बदल असतो, किडलेल्या पोकळ्या भरून घेतलेल्या असतात. फायदा दिसला तर त्यातला क्लोरहेक्सिडिनचा वाटा वेगळा काढता येत नाही. उघडी पोकळी भरून घेतली की तिच्यात दडलेल्या जंतूंचं मोठं घर तसंही जातं. चूळ ते घर उठवू शकत नाही.

माझं म्हणणं एवढंच. डेंटिस्टने धोका तपासून, ठरावीक दिवसांसाठी, फ्लोराइडच्या जोडीने दिलं तर ठीक. दुकानातून आणून वर्षभर रोज चूळ भरणं नको. शस्त्रक्रियेनंतर, जबडा तारेने बांधलेला असताना, ब्रश फिरवणंच शक्य नसताना १०-१४ दिवस ते द्यावंच लागतं, तिथे माझी हरकत नाही.

क्षारक

वर्षभर का नको, याचं आणखी एक कारण आहे आणि ते थेट आपल्या प्रश्नाशी भिडतं.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये निरोगी लोकांना सात दिवस साधी चूळ आणि पुढचे सात दिवस क्लोरहेक्सिडिन दिलं. क्लोरहेक्सिडिनच्या आठवड्यानंतर लाळेतलं लॅक्टेट (जंतूंनी बनवलेल्या लॅक्टिक आम्लाचं रूप) वाढलं, पीएच खाली आला आणि आम्ल शोषून घेण्याची लाळेची ताकद घटली. जंतूंची विविधता कमी झाली आणि जे उरले त्यांचं प्रमाण बदललं.

असं का व्हावं? जिभेच्या मागच्या भागावर नायट्रेटचं नायट्राइट करणारे जंतू राहतात. पालक, बीट, मुळ्याचा पाला यांतलं नायट्रेट रक्तातून लाळेत येतं आणि हे जंतू ते वापरतात. त्यातले काही लॅक्टिक आम्लही खाऊन टाकतात. किटणात युरिया आणि आर्जिनिनपासून अमोनिया बनवून पीएच वर आणणारे जंतूही असतात. अँटिसेप्टिक चांगला-वाईट निवडत नाही. दाताच्या बाजूने लढणारेही त्यात जातात. (याच नायट्राइटचा रक्तदाबाशी संबंध आहे. काही लहान प्रयोगांत क्लोरहेक्सिडिनने वरचा रक्तदाब दोन-तीन अंकांनी वाढलेला दिसला.)

सात दिवसांच्या प्रयोगावरून "क्लोरहेक्सिडिनने दात किडतात" असं म्हणणं चूक ठरेल. पण ते खनिजाचं रक्षण करतं हा दावा करणाऱ्याला, औषध चालू असताना लाळ आम्लधर्मी का झाली याचं उत्तर द्यावं लागेल.

अंबाडी

तेलांच्या माउथवॉशबद्दल कुणीच लिहिलं नाही. त्यातल्या अल्कोहोलने दात झिजतात का? आणि ज्यांना आम्लपित्ताने आंबट पाणी वर येतं किंवा गरोदरपणात उलट्या होतात, त्यांनी अँटिसेप्टिकने चूळ भरून काही हाती लागतं का?

क्षारक

अल्कोहोल एनॅमल विरघळवत नाही. आम्ल विरघळवतं. मूळच्या लिस्टरीनमध्ये अल्कोहोल २६.९ टक्के आणि पीएच सुमारे ४.२, म्हणजे उंबरठ्याच्या खाली. निरोगी तोंडात अर्धा मिनिट ते घोळवलं तर लाळ थोड्या वेळात सावरून घेते, काळजीचं कारण नाही. अडचण लाळ कमी असणाऱ्यांची आहे. न चावता स्वस्थ बसलेल्या माणसाची लाळ मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली असते, ०.१ च्या खाली गेली की तोंड कोरडं म्हणायचं. अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीच्या बऱ्याच गोळ्यांनी असं होतं. डोक्या-मानेच्या कर्करोगात किरणोपचार घेतलेल्यांचं तर फारच. त्यांनी अल्कोहोलची आणि आम्लधर्मी बाटली लांबच ठेवावी, अल्कोहोल नसलेली फ्लोराइडची चूळ घ्यावी.

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून झोपण्याआधीची शेवटची गोष्ट आम्लधर्मी द्रावण असू नये, फ्लोराइड असावी.

आंबट पाण्याचं आणि उलट्यांचं प्रकरण अगदीच वेगळं. पोटातल्या आम्लाचा पीएच एक ते दोन. तिथे दाताला विरघळवायला जंतू लागतच नाहीत, मग जंतू मारून काय मिळणार? तेच लिंबू सरबत, कोकम, चिंच, कोलाचं. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास. ही झीज दाताच्या आतल्या बाजूने, टाळूकडून दिसते तेव्हा उलटी किंवा आम्लपित्ताचा संशय घ्यायचा. बाहेरच्या बाजूने दिसली तर पेयांचा.

उलटी झाल्यावर एक ग्लास पाण्यात एक छोटा चमचा खायचा सोडा विरघळवून चूळ भरा. पीएच आठच्या वर असतो, आम्ल तिथल्या तिथे शमतं. सोडा जवळ नसेल तर साधं पाणी. अर्धा ते एक तास ब्रश करू नका, कारण मऊ झालेला थर ब्रशने खरवडून निघतो. गरोदर बायकांना "उलटी झाली, दात घासून घे" असं घरातली वडीलधारी माणसं मायेने सांगतात, ते मात्र टाळलेलं बरं. बेकिंग पावडर घेऊ नका, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं.

सप्तपर्णी

दातांना तारा लावलेल्या मुलांसाठी लिहिते, कारण पांढरे डाग सगळ्यात जास्त तिथेच दिसतात. ब्रॅकेटच्या (तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या) कडेला किटण साचलं तर चार आठवड्यांत डाग उमटू शकतो.

डाग चालू आहे की थांबला, हे असं बघा. दात कापसाने किंवा गॉजने पाचेक सेकंद कोरडा करा. कोरडा केल्यावरच दिसणारा डाग नवा, वरवरचा. ओल्या दातावरही दिसतो तो जास्त खोल. हिरडीच्या कडेने, खडूसारखा, निस्तेज, खरखरीत असेल तर गळती चालू आहे. चकचकीत आणि गुळगुळीत झाला असेल तर थांबली. टाचणी किंवा टोकदार काहीही टोचून बघू नका. डागाच्या वर पातळ अखंड पापुद्रा असतो आणि खाली पोकळ झालेला भाग. तो पापुद्रा टिकला तर आत खनिज परत बसतं, फुटला तर खड्डा पडतो आणि तो भरूनच घ्यावा लागतो.

रोजचा क्रम असा. रात्री १००० पीपीएमच्या पेस्टने दोन मिनिटं ब्रश, ब्रॅकेटच्या वरून आणि खालून तिरपा धरून. तारेखाली छोटा शंकूसारखा ब्रश. मग थुंकायचं आणि चूळ भरायची नाही. पेस्टचा थर तोंडात राहू द्यायचा. फ्लोराइडची चूळ वेगळ्या वेळी, शाळेतून आल्यावर वगैरे: १० मिली, पूर्ण एक मिनिट, त्यानंतर अर्धा तास खाणं-पिणं बंद.

ब्रशच्या पाठोपाठ माउथवॉश घेतलं तर पेस्टचं १००० पीपीएम धुऊन तिथे २२६ आणून ठेवतो. मग बाटली कितीही महाग असो, नुकसानच. फ्लोराइड नसलेलं अँटिसेप्टिक ब्रशनंतर लगेच घेतलं तर सगळंच धुऊन गेलं.

आणखी एक. आपल्याकडे चूळ म्हटलं की बरेच जण मान मागे टाकून गुळण्या करतात. द्राव घशात खुळखुळतो, दातांना लागतच नाही. ओठ मिटून, गाल फुगवून-आकसून, दातांच्या फटींतून जोरात पुढे-मागे खेळवायचं.

मोगरा

सप्तपर्णी, पेस्टबद्दल जोडते. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंतच चालतं आणि प्रमाण ट्यूबवर आणि खोक्यावर छापावं लागतं. बऱ्याच आयुर्वेदिक पेस्ट आणि दंतमंजनांत ते नसतंच. मशेरीत तर तंबाखूच. अशा घरात आधी पेस्ट बदलायची, माउथवॉशचा विचार त्यानंतर.

डाग आधीच पडले असतील तर डेंटिस्टकडून ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश, म्हणजे २२,६०० पीपीएम, वर्षातून दोन ते चार वेळा. लावायला पाच मिनिटं लागतात. महिनाभर अँटिसेप्टिकच्या चुळा भरण्यापेक्षा ते कितीतरी कामाचं.

पाणवठा

मी भूजलाच्या बाजूने. "फ्लोराइड घ्या" असं सरसकट लिहिताना यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इथली गावं डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मानकापेक्षा जास्त आहे. भारतीय मानक १ मिलिग्रॅम प्रतिलिटर, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. अशा गावातल्या मुलांच्या दातांवरचे पांढरे-तपकिरी पट्टे किडीचे नसतात, दात हाडात तयार होत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेल्याचे असतात, त्याला फ्लोरोसिस म्हणतात. ते दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात, आडव्या रेषांत पसरतात. सप्तपर्णींनी सांगितलेला डाग हिरडीच्या कडेला किंवा ब्रॅकेटभोवती असतो. आधी हा फरक ओळखा. फ्लोरोसिसच्या पट्ट्यावर ना अँटिसेप्टिक चालतं ना फ्लोराइडची चूळ.

पाणी तपासायचं तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत. प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत एक लिटर नमुना द्या. काचेची बाटली नको.

निवडुंग

पाणवठा यांची सूचना मोलाची आहे. वयाचा नियमही त्याच कारणासाठी: सहा वर्षांखाली फ्लोराइडची चूळ नाही, कारण मूल गिळतं आणि पुढचे कायमचे दात तेव्हा घडत असतात. सहाच्या वरही आधी परीक्षा घ्या. औषधाच्या मापात १० मिली साधं पाणी द्या, एक मिनिट खेळवून त्याच मापात थुंकायला सांगा. लाळ मिसळून १० किंवा जास्त परत यायला हवं. ८-९ पेक्षा कमी आलं तर मूल अजून तयार नाही.

एका चुळेत फ्लोराइड सव्वादोन मिलिग्रॅम. एकदा चुकून गिळली तर घाबरू नये, पेलाभर दूध द्यावं, दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवतं. लहान मुलाने बाटलीच तोंडाला लावली तर मात्र दूध द्या, बाटली सोबत घ्या आणि लगेच रुग्णालयात जा. २०० मिलीत ४५ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, १० किलोच्या मुलासाठी हा आकडा धोक्याच्या पातळीजवळ आहे. अल्कोहोल असेल तर त्याचा धोका वेगळाच.

अंबाडी

शाळेत आठवड्यातून एकदा ०.२ टक्के सोडियम फ्लोराइडची चूळ देतात, त्यासाठी द्रावण तयार करताना ते कधी कधी गढूळ होतं. ते वापरावं का? आणि घरीसुद्धा लोक फ्लोराइडच्या माउथवॉशमध्ये नळाचं पाणी मिसळतात, त्याने काही बिघडतं का?

क्षारक

गढूळपणा पाण्यातल्या कॅल्शियमचा. ते फ्लोराइडशी जुळून कॅल्शियम फ्लोराइडचा साका धरतं आणि तेवढं फ्लोराइड कामातून जातं.

हिशेब मांडू. ०.२ टक्के म्हणजे लिटरमध्ये २ ग्रॅम, फ्लोराइड सुमारे ४७.६ मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजायचं एकक). पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तर ते २.५ मिलिमोल, आणि एक कॅल्शियम दोन फ्लोराइड धरतं, म्हणून ते जास्तीत जास्त ५ मिलिमोल फ्लोराइड अडवेल. म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. ०.०५ टक्क्यांच्या चुळेत मुळात फ्लोराइडच ११.९ मिलिमोल. तेवढ्याच जड पाण्यात ते बनवलं तर ४२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. बाटलीतल्या तयार द्रावात तसलंच पाणी निम्मं मिसळलं तरी हिशेब तोच येतो, वर ताकद निम्मी होते ती वेगळी. सगळं फ्लोराइड लगेच बसतं असं नाही, हा वरचा टोकाचा आकडा आहे. तरी घरी फ्लोराइडची चूळ पाणी न घालता घ्यावी हे बरं.

पाणवठा

मराठवाड्यातल्या बेसॉल्टमधल्या विहिरींना कॅल्शियम १०० च्या वर असणं नवलाचं नाही. शाळेसाठी आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या.

सागरगोटा

पावडरबद्दल: औषधी दर्जाचं सोडियम फ्लोराइड, ग्रॅमच्या दुसऱ्या दशांशापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोललेलं, एका लिटरसाठी २.०० ग्रॅम. फार्मासिस्टने आधीच पुड्या बांधून, वर वजन आणि "विष" असं लिहून द्याव्यात, शाळेत चमच्याने मोजणं नको. हातमोजे आणि मास्क घालून भरा. प्लास्टिकच्या कॅनमध्ये बनवा, फ्लोराइड काचेला चरतं. कॅनवर तारीख घाला, त्या दिवशीचं त्याच दिवशी संपवा, उरलेलं पुढच्या आठवड्याला ठेवू नका. प्रत्येक मुलाला १० मिली, पंपाने कपात. त्यात फ्लोराइड ९ मिलिग्रॅम असतं, म्हणून गिळणाऱ्या मुलाला द्यायचं नाही. आणि पाणवठा यांनी सांगितलेल्या जास्त फ्लोराइडच्या भागातली शाळा असेल तर गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल हातात आल्याशिवाय पुडी फोडायचीच नाही. पावडर कुलपात ठेवा. मीठ किंवा साखर समजून स्वयंपाकात गेली तर प्राणावर बेतेल. घरी ही पावडर आणून माउथवॉश करायचा विचारही करू नका, तयार बाटली घ्या.

सप्तपर्णी

चूळ झाल्यावर अर्धा तास पाणीसुद्धा नाही, म्हणून शाळेत मधली सुट्टी संपल्यावरचा तास घ्या. खिचडीच्या आधी दिली तर सगळं धुऊन जातं.